हिऱ्याच्या कोटिंगचा घर्षणांक किती धरायचा? सील फेसच्या एका प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंपाच्या मेकॅनिकल सीलसाठी (फिरत्या शाफ्टजवळची गळती रोखणारी, एकमेकींवर टेकून घासणाऱ्या दोन रिंगांची जोडी; टेकणारा पृष्ठभाग म्हणजे फेस) सिलिकॉन कार्बाइडच्या रिंगवर ८ मायक्रॉन जाडीचं सीव्हीडी, म्हणजे वायूतून थर वाढवून केलेलं, डायमंड कोटिंग करून घेतलं. ६ मिमी व्यासाचा सिलिकॉन नायट्राइडचा बॉल, ५ न्यूटन भार, सेकंदाला ०.१ मीटर वेग आणि एकूण १,००० मीटर अंतर, अशी पिन-ऑन-डिस्क चाचणी (फिरत्या तबकडीवर बॉल दाबून घासायची) घेतली. घर्षणांक सुरुवातीला ०.५ होता, हळूहळू उतरत ०.०८ ला स्थिरावला. तीच चाचणी कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतल्यावर तो ०.५ च्या वर गेला तो खाली आलाच नाही. कोटिंगवर झीज दिसत नाही. पण प्रत्यक्ष सीलमध्ये समोरची कार्बनची रिंग भराभर झिजली. मग डिझाइनला कोणता आकडा घ्यायचा?

तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. पहिला ०.५ हा कोटिंगच्या खडबडीतपणाचा आहे, ०.०८ हा दमट हवेत गुळगुळीत झालेल्या जोडीचा आहे आणि नायट्रोजनमधला ०.५ हा उघड्या पडलेल्या हिऱ्याच्या पृष्ठभागाचा आहे. पाण्यावर चालणाऱ्या सीलमध्ये यातला एकही जसाच्या तसा चालणार नाही. का, ते पुढे येतंच.

त्याआधी एक खात्री. बाजारात ‘डायमंड कोटिंग’ या नावाखाली दोन वेगळे माल मिळतात. एक खरा स्फटिकरूप हिरा, जो ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला वाढवावा लागतो. दुसरा डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारखा पण अस्फटिक कार्बन. तो साधारण २०० अंशांच्या आसपास बसतो आणि म्हणून कडक केलेल्या स्टीलवरही चढतो. कोणी पुरवठादार कडक स्टीलच्या भागावर थेट ‘डायमंड’ करून देतो म्हणाला, तर तो डीएलसीच देतोय असं समजा. स्टीलमधलं लोखंड हिऱ्याच्या वाढीच्या तापमानाला कार्बन शोषून घेतं, वर ग्राफाइट तयार करतं. शिवाय तेवढ्या तापमानाला स्टीलचा कडकपणाही उतरतो.

रामन चाचणीत, म्हणजे लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट पाहण्याच्या चाचणीत, फरक पाच मिनिटांत कळतो. हिऱ्याचं टोकदार शिखर १३३२ प्रति सेंटीमीटरला येतं; डीएलसीत १५५० च्या आसपास रुंद उंचवटा आणि १३५० जवळ त्याचा खांदा दिसतो. बारीक कणांच्या हिऱ्यात ११४० आणि १४८० जवळही दोन उंचवटे दिसतात. ते कणांच्या सीमांवरच्या कार्बन-हायड्रोजन साखळ्यांचे असतात, घाबरण्याचं कारण नाही. हिरव्या लेसरला ग्राफाइटी कार्बन हिऱ्याच्या कितीतरी पट जास्त प्रतिसाद देतो, त्यामुळे १५८० जवळचं शिखर मोठं दिसलं म्हणून लगेच कोटिंग नापास करू नका.

तुमच्या नायट्रोजनच्या चाचणीनेही अर्धं उत्तर दिलेलंच आहे. हायड्रोजनयुक्त डीएलसीचं घर्षण कोरड्या नायट्रोजनमध्ये उलट उतरतं, ०.०२ किंवा त्याहूनही खाली जातं. तुमचं चढलं. म्हणजे कोटिंग एकतर खरा हिरा आहे किंवा हायड्रोजनविरहित डीएलसी. रामन करून नक्की करा.

आता खडबडीतपणा. नेहमीचं मायक्रोक्रिस्टलाइन (मायक्रॉन मापाच्या कणांचं) कोटिंग वाढवताना हायड्रोजन वायूत १ ते २ टक्के मिथेन असतो. हिऱ्याचे कण तळापासून खांबासारखे वर वाढतात आणि जाडी वाढेल तसे माथ्याशी रुंद होत जातात. ८ मायक्रॉनवर वरचे कण १ ते ३ मायक्रॉनचे, प्रत्येकाला धारदार पैलू, आणि आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.२ ते ०.४ मायक्रॉन. यावर घासणारा सिलिकॉन नायट्राइडचा बॉल कठीण खरा, पण त्याचा कडकपणा १५ गिगापास्कलच्या आसपास आणि हिऱ्याचा ८० ते १००. बॉल कानशीवर घासल्यासारखा घासला जातो. सुरुवातीचं घर्षण म्हणजे बॉलमध्ये चर पाडायला लागणारं बळ. पुढे बॉलचा चुरा खोलगटात भरतो, सर्वांत उंच टोकं थोडी बोथट होतात, बॉलला सपाट गोल पडतो आणि घर्षण उतरतं. हिऱ्याच्या रासायनिक गुणांचा यात फारसा वाटा नाही.

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण अहवालात तो सहसा नसतो. सुरुवातीला ५ न्यूटनखाली ३ मिमी त्रिज्येचा बॉल सिलिकॉन कार्बाइडवर टेकतो तेव्हा हर्ट्झच्या सूत्राने संपर्काचा व्यास सुमारे ८० मायक्रॉन आणि कमाल दाब सुमारे १.५ गिगापास्कल निघतो. सरासरी दाब साधारण १ गिगापास्कल. (कोटिंग पातळ असल्यामुळे खालच्या सिलिकॉन कार्बाइडची लवचिकता धरली आहे.) चाचणी संपल्यावर बॉलवरच्या सपाट गोलाचा व्यास ०.६ मिमी आला असं समजू. तोच ५ न्यूटन आता ०.२८ चौरस मिमीवर पसरला, म्हणजे सरासरी दाब १८ मेगापास्कल. सुरुवातीच्या जवळपास साठाव्या भागावर! घर्षणांकाच्या आलेखाचा डावा आणि उजवा भाग एकाच चाचणीचे दिसतात, पण दाबाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. सीलच्या फेसवरचा दाब मेगापास्कलच्याही खाली असतो. त्यामुळे डिझाइनला उजवीकडचा भाग जवळचा, तोही घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागाचा.

आता ‘कोटिंगवर झीज दिसत नाही’ या वाक्याकडे. आधी बॉलची झीज काढू. ०.६ मिमीच्या गोलासाठी, व्यासाचा चौथा घात गुणिले पाय, भागिले ६४ गुणिले बॉलची त्रिज्या, या सूत्राने गेलेलं आकारमान ०.००२१ घन मिमी. त्याला भार गुणिले अंतर, म्हणजे ५,००० न्यूटन-मीटरने भागलं की प्रति न्यूटन-मीटर सुमारे ४२० घन मायक्रॉन. (कॅटलॉगमध्ये हाच आकडा घन मिमीत, दहाच्या उणे सातव्या घातात लिहितात.)

कोटिंगचा हिशेब वेगळा. घासपट्टीची त्रिज्या १० मिमी असेल तर पट्टीची लांबी ६३ मिमी आणि १,००० मीटरसाठी सुमारे १५,९०० फेरे. आरए ०.३ मायक्रॉनच्या पृष्ठभागावर ५० नॅनोमीटर खोलीचा, ०.६ मिमी रुंदीचा चर शोधणं जवळपास अशक्य. पण तेवढा चर असता तर झीज किती? मध्ये खोल आणि कडांना उथळ असा चर धरला तर सुमारे ०.००१३ घन मिमी, म्हणजे प्रति न्यूटन-मीटर २५० घन मायक्रॉन. चांगल्या हिऱ्याच्या कोटिंगची झीज यापेक्षा कितीतरी कमी, शंभर ते दहा घन मायक्रॉन किंवा त्याहूनही खाली असते. थोडक्यात, तुमची चाचणी चांगलं आणि मध्यम कोटिंग वेगळं ओळखूच शकत नाही. ‘झीज नाही’ असं न लिहिता ‘२५० पेक्षा कमी’ असं लिहा, ते प्रामाणिक होईल.

सुधारणा सोपी आहे. त्रिज्या १० ऐवजी ३ मिमी घ्या. त्याच अंतरात फेरे ५३,००० होतील आणि त्याच खोलीला मर्यादा ७५ वर येईल. वेग तोच ठेवायचा तर फिरकी मिनिटाला ९५ ऐवजी ३२० फेऱ्यांवर न्यावी लागेल. अंतर पाचपट केलंत तर मर्यादा १५ वर येते. चर मोजायला स्टायलस प्रोफाइलोमीटर वापरू नका. त्याचं टोक हिऱ्याचंच असतं आणि खडबडीत हिऱ्यावर तेच झिजतं, मग आकडे हळूहळू गुळगुळीत दिसू लागतात. श्वेत प्रकाशाचा इंटरफेरोमीटर वापरा, तो न टेकता प्रकाशाने मोजतो. याच कारणाने स्क्रॅच टेस्टचाही इथे फारसा उपयोग नाही. २०० मायक्रॉनच्या टोकाचं नुकसान होतं आणि पुढच्या नमुन्याचा निकालही बिघडतो.

आणि चाचणी संपल्यावर पट्टी पुसायची घाई नको. आधी चुरा कुठे साचलाय, कोणत्या रंगाचा आहे, बॉलवर चिकटलेला थर आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून फोटो घ्या. पांढरट चुरा सहसा बॉलचा असतो. दमट हवेत सिलिकॉन नायट्राइड पाण्याच्या वाफेशी अभिक्रिया करून सिलिका तयार करतो. पुसल्यावर हा सगळा पुरावा जातो.

आता हवेचा मुद्दा, कारण खरी मेख तिथे आहे. हिऱ्याच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक कार्बन अणूचा एखादा बंध मोकळा राहतो. हवेत त्या बंधाला हायड्रोजन किंवा पाण्यातून आलेला हायड्रॉक्सिल गट येऊन बसतो. असे झाकलेले दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटत नाहीत, घर्षण ०.०५ ते ०.१ राहतं. घासताना हे झाकण निघतं. हवेत बाष्प असेल तर लगेच भरून निघतं. नसेल तर उघडे बंध समोरच्या पृष्ठभागाला धरतात. केंब्रिजला बाउडन आणि हॅनवेल यांनी १९६६ मध्ये अतिनिर्वातात हिऱ्यावर हिरा वारंवार घासला तेव्हा घर्षणांक ०.९ च्या आसपास गेला होता. हिरा मुळातच निसरडा असतो हा समज तेव्हाच मोडला. कॅटलॉग लिहिणाऱ्यांपर्यंत मात्र ती बातमी अजून पुरती पोचलेली दिसत नाही.

२००८ मध्ये रॉबर्ट कारपिक यांच्या गटाने अतिसूक्ष्म कणांच्या हिऱ्यावर दाखवलं की कमी घर्षणाच्या घासपट्टीत ग्राफाइट जवळपास तयारच होत नाही, पाण्यापासून आलेल्या गटांनी झाकलेला हिराच शिल्लक असतो. ‘हिऱ्यावर ग्राफाइटचा थर तयार होतो म्हणून तो निसरडा’ हे जुनं स्पष्टीकरण त्यामुळे मागे पडलं. झाकण पुरं पडलं नाही तर काय होतं, ते २०११ मध्ये फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या पास्तेवका आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिरूपातून मांडलं. घासताना हिऱ्याच्या वरच्या अणूंची मांडणी मोडून अस्फटिक कार्बनचा पातळ थर बनतो आणि झीज त्या मऊ थराची होते. हा थर किती वेगाने बनतो, ते स्फटिकाच्या दिशेवर अवलंबून असतं. सुरतेचा कारागीर घंटीवर (हिरा घासायच्या फिरत्या तबकडीवर) खडा फिरवत ‘चालणारी’ बाजू शोधतो, त्यामागे हेच कारण आहे. सोप्या आणि अवघड दिशेतल्या झिजेत शेकडो पटींचा फरक पडू शकतो. कोटिंगमध्ये कण सगळ्या दिशांनी उभे असतात, त्यामुळे काही कण आधी झिजतात आणि अवघड दिशेचे कण वर राहतात. पॉलिश केलेल्या कोटिंगवरही मोजके कण उठून दिसतात ते यामुळे.

तुमच्या चाचणीसाठी यातून निघणारी गोष्ट एवढीच की आर्द्रता नोंदवल्याशिवाय घर्षणांकाला अर्थ नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असते, मुंबईत जुलैमध्ये ८५ च्या वर. एकाच कोटिंगचे दोन अहवाल जुळत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. महागडं आर्द्रता नियंत्रण नसेल तर यंत्रावर ॲक्रिलिकची पेटी बसवा आणि आत उथळ ट्रेमध्ये मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, साधं मीठ ७५ टक्के आणि लिथियम क्लोराइड ११ टक्के आर्द्रता धरून ठेवतं. तळाशी न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, आणि पेटी बंद केल्यावर निदान दोन-तीन तास थांबा. तिन्हीवर चाचणी घ्या. कोटिंग कुठे बिघडायला लागतं ते कळेल.

आता सील. समोरची कार्बनची रिंग भराभर झिजली याचं उत्तर आधीच येऊन गेलंय: वाढल्यावर पॉलिश न केलेला खडबडीत हिरा मऊ कार्बन-ग्राफाइट कापत राहतो. इथे बॉलसारखी ‘दाब कमी झाला, चुरा भरला, थांबलं’ अशी सोयही नाही, कारण फेस सुरुवातीपासून सपाटच टेकलेले असतात आणि पाणी चुरा धुऊन नेतं. कार्बनसमोर चालवायचं असेल तर फेसचा आरए ०.०५ मायक्रॉनच्या खाली हवा. त्याहून महत्त्वाचा आकडा आरपीके, म्हणजे वर आलेल्या टोकांची उंची. आरए सारखा असलेल्या दोन कोटिंगमध्ये एकात खोल खड्डे असतात आणि दुसऱ्यात उंच टोकं. पहिलं कार्बनला काही करत नाही, दुसरं त्याची पावडर करतं. ऑर्डरमध्ये दोन्ही आकडे लिहा.

गुळगुळीतपणा मिळवायचे दोन मार्ग आहेत. पहिला, मायक्रोक्रिस्टलाइन वाढवून मग हिऱ्याच्या पावडरीने लॅप करणं, म्हणजे घासून सपाट आणि गुळगुळीत करणं. हे काम संथ असतं आणि महाग पडतं. दुसरा, शेवटचे १ ते २ मायक्रॉन मिथेन ४-५ टक्क्यांवर नेऊन नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे नॅनोमीटर मापाच्या कणांचा हिरा वाढवणं. नवे कण सतत जन्मत राहतात, आरए ०.०२ ते ०.०५ मायक्रॉनवर येतो. खाली खांबासारखा मायक्रोक्रिस्टलाइन आणि वर बारीक कण, ही रचना सीलसाठी माझ्या मते सर्वांत व्यवहार्य. दोन्ही फेसवर हिरा घेतला तर पाण्यात घर्षण आणखी कमी होतं आणि क्षणभर कोरडं चाललं तरी जोडी तग धरते. मात्र खर्च दुप्पट होतो आणि दोन्ही फेस तितकेच सपाट लागतात.

कोरड्या वायूवर चालणारं सील असेल तर मात्र सांभाळून. तिथे अत्यंत कमी दवबिंदूचा नायट्रोजन असतो, म्हणजे हिऱ्याला बाष्प मिळत नाही. समोर ग्राफाइट ठेवून प्रश्न सुटेल असं वाटतं, पण ग्राफाइटलाही निसरडं राहायला बाष्प लागतं. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश कोरड्या विरळ हवेत झपाट्याने झिजू लागले, तेव्हा ब्रशमध्ये धातूंचे हॅलाइड क्षार मिसळून तो प्रश्न सोडवावा लागला. वायूच्या सीलला फेस फक्त सुरू होताना आणि थांबताना टेकतात, म्हणून बरेचदा निभावतं. पण संथ फिरवत ठेवण्याची पाळी येणार असेल तर कोरड्या नायट्रोजनमधला ०.५ हाच तुमचा डिझाइनचा आकडा.

या आकड्याचं वजन किती, तेही पाहा. फेसचा आतला व्यास ५० आणि बाहेरचा ६० मिमी, फेसवरचा दाब ०.३ मेगापास्कल, फिरकी मिनिटाला २,९०० असेल तर भार सुमारे २६० न्यूटन आणि मधल्या व्यासावर वेग सेकंदाला ८.४ मीटर. घर्षणांक ०.०५ असेल तर उष्णता ११० वॉट, ०.०८ ला १७०, ०.५ ला १,१०० वॉटच्या आसपास. शेवटच्या आकड्याला फेसमधलं पाणी उकळतं, ओ-रिंग करपते. तुमची चाचणी ०.१ मीटरला झाली, सील ८.४ मीटरला चालतं. हे अंतर विसरू नका. पिन-ऑन-डिस्क कोटिंगची तुलना करायला ठीक, पण उष्णतेचा हिशेब प्रत्यक्ष सीलच्या टॉर्कवरूनच पक्का करा. आणि ‘हिरा तांब्याच्या पाचपट उष्णता वाहतो’ हे कॅटलॉगमधलं वाक्य इथे बाजूला ठेवा. ८ मायक्रॉनचा थर उष्णता कुठे नेणार? ते काम खालच्या सिलिकॉन कार्बाइडलाच करायचं असतं.

एक दोष सहसा नजरेतून सुटतो, तो म्हणजे कोटिंगनंतर बिघडलेली सपाटी. हिरा तापमानाला कमी आक्रसतो आणि सिलिकॉन कार्बाइड जास्त, त्यामुळे ८०० अंशांवरून थंड होताना कोटिंगमध्ये सुमारे १.४ गिगापास्कलचा दाब-ताण राहतो. फक्त एका फेसवर कोटिंग असेल तर रिंग वळते आणि फेस शंकूसारखा होतो, आतली कड उंच. वरच्याच मापाची, १० मिमी जाडीची रिंग धरली तर फेसच्या ५ मिमी रुंदीत सुमारे ०.२ मायक्रॉनचा फरक पडतो. सपाटी तपासताना हीलियमच्या प्रकाशात दिसणारी एक पट्टी ०.२९ मायक्रॉनची, म्हणजे हा फरक पाऊण पट्टीहून कमी, चालून जाईल. पण रिंग ५ मिमी जाड असेल तर फरक चौपट होतो, ०.८ मायक्रॉन, जवळपास तीन पट्ट्या. दाब बाहेरून असलेल्या सीलमध्ये फेस आतल्या कडेवर टेकतो, बाहेरून पाणी आत शिरून फेस उचलतं आणि गळती वाढते. लोक कोटिंगला दोष देतात. उपाय दोन: पातळ रिंग वापरायचीच नाही, किंवा कोटिंगआधी तेवढाच उलटा उतार देऊन लॅप करायची. कोटिंग झाल्यावर लॅप करून सपाट करायला गेलात तर आतल्या कडेला ८ मायक्रॉनमधला जवळपास एक मायक्रॉन जातो. एवढं परवडतं, पण वेळ फार लागतो. खरा ताण रामनवर तपासता येतो: १३३२ चं शिखर दर एक एककाने वर सरकलं की साधारण ०.५७ गिगापास्कल. त्यासाठी यंत्र सिलिकॉनच्या ५२०.७ वर आधी जुळवलेलं हवं.

हिऱ्याचं कोटिंग झिजून पातळ होत संपतं असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा ते सुटतं. साठलेली ऊर्जा जाडीच्या प्रमाणात आणि ताणाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ‘जास्त टिकावं म्हणून १५ मायक्रॉन करा’ हा हट्ट उलटतो. सुटलेला एक तुकडा दोन फेसमध्ये अडकला की दोन्ही फेसवर गोल चर पडतात आणि सगळंच उखडत जातं. सुटण्याची सुरुवात बहुधा तीक्ष्ण कडेपासून होते. कोटिंगआधी आतल्या-बाहेरच्या कडांना ०.१ ते ०.२ मिमीचा चॅम्फर (तिरका काप) द्या.

सुटण्याचं दुसरं कारण बीजारोपण, म्हणजे हिरा वाढायला सुरुवात व्हावी म्हणून पृष्ठभागावर हिऱ्याचे बारीक कण पेरणं. रिंग ॲसिटोन आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिकवर धुऊन नॅनो-डायमंडच्या द्रावणात २०-३० मिनिटं ठेवतात. दर चौरस सेंटीमीटरला हजार कोटी बीजं बसली तर दोन बीजांमधलं अंतर ०.१ मायक्रॉन. दहा कोटीच बसली तर अंतर १ मायक्रॉन होतं, आणि कण एकमेकांना भिडेपर्यंत तळाशी पोकळ्या राहून जातात. वरून कोटिंग सुरेख दिसतं, तळाशी धरलेलं नसतं. पुरवठादाराला सोबतच्या नमुन्याचा (रिंगबरोबरच कोटिंग केलेल्या तुकड्याचा) तोडलेला काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला सांगा. पोकळ्या असतील तर तिथेच दिसतील. टंगस्टन कार्बाइडवर चालणारी रॉकवेलच्या ठशाची चाचणी सिलिकॉन कार्बाइडवर करू नका, ठिसूळ तळच फुटतो आणि निकाल निरुपयोगी होतो. त्याऐवजी सोबतच्या नमुन्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या बारीक ग्रिटचा झोत मारून कोटिंग किती वेळाने फुटतं ते पाहा, आणि प्रत्येक लॉटची तुलना ठेवा.

तळाचा प्रकारही विचारून घ्या. रिअॅक्शन-बाँडेड सिलिकॉन कार्बाइडमध्ये ८ ते १२ टक्के मोकळं सिलिकॉन असतं. कोटिंगला कुठे सूक्ष्म छिद्र असेल आणि पंपात कॉस्टिक (तीव्र अल्कली) असेल, तर ते सिलिकॉन विरघळतं आणि कोटिंग खालून पोकळ होतं. अल्कलीसाठी सिंटर्ड (पावडर भाजून घट्ट केलेलं, मोकळं सिलिकॉन नसलेलं) घ्या.

चाकण-भोसरीत ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे कास्टिंग कापायला डायमंड कोटेड कार्बाइडची टूल वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगावं लागेल. तिथे शत्रू म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे कण बांधून ठेवणारा कोबाल्ट; तो हिऱ्याऐवजी ग्राफाइट वाढवतो. ६ टक्क्यांपेक्षा जास्त कोबाल्टची ग्रेड घेऊ नये. आधी मुराकामी द्रावण, म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० ग्रॅम आणि पाणी १०० मिली, यात अल्ट्रासॉनिकवर काही मिनिटं. त्याने टंगस्टन कार्बाइडचे कण खरवडले जातात. मग सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात जेमतेम १० सेकंद; त्याने पृष्ठभागावरचा कोबाल्ट जातो. जास्त वेळ ठेवलंत तर वरचा थर ठिसूळ होतो आणि कोटिंग त्या थरासकट सुटतं. दोन बाथच्या मध्ये भरपूर पाण्याने धुणं सक्तीचं आहे. फेरीसायनाइड तीव्र आम्लात गेलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटू शकतो, म्हणून फ्यूम हुडशिवाय हे काम करूच नये. आणि हे टूल स्टील किंवा बीडावर चालवू नका: कापताना धारेवर ७०० अंशांच्या वर तापमान जातं, लोखंड हिऱ्यातला कार्बन ओढून घेतं आणि कोटिंग काही मिनिटांत नाहीसं होतं.

पुढच्या ऑर्डरमध्ये काय लिहायचं ते आता सांगता येईल. सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइड, रिंगची जाडी १० मिमी किंवा जास्त, एकूण कोटिंग ६ ते ८ मायक्रॉन, वरचे १ ते २ मायक्रॉन नॅनोक्रिस्टलाइन, आरए ०.०५ मायक्रॉनच्या खाली आणि आरपीकेची कमाल मर्यादा. कोटिंगनंतरची सपाटी दोन पट्ट्यांच्या आत. प्रत्येक लॉटबरोबर सोबतचा नमुना, रामन आणि तोडलेल्या कापाचा फोटो. डिझाइनसाठी पाण्यात ०.०५ ते ०.१ धरा आणि कोरड्या चालीचा हिशेब ०.५ ने स्वतंत्र करून पाहा.

सध्याच्या रिंग टाकून देऊ नका. आधी त्यांची सपाटी मोजा, मग वरचा थर लॅप करून एका जोडीवर चाचणी घ्या. जिथे कोटिंग सुटलंय त्या रिंगवरचा हिरा हवेत ७०० अंशांच्या वर भट्टीत जाळून काढता येतो. सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइडला त्याने धक्का लागत नाही. त्यावर सिलिकाचा अगदी पातळ थर येतो, तो लॅपिंगमध्ये जातो आणि रिंग पुन्हा कोटिंगला पाठवता येते. टंगस्टन कार्बाइडच्या टूलचं तसं नाही. ते त्या तापमानाला हवेत स्वतःच जळायला लागतं.